परसातली मोटारबोट : अमेरिकेतील एका घरगुती कारागिरीचा इतिहास

पडून राहिलेली जुनी मोटारबोट स्वस्तात विकत घ्यायची आणि घरच्या गॅरेजात किंवा परसात तिची डागडुजी करून ती पुन्हा पाण्यात सोडायची, हा उद्योग अमेरिकेत जवळजवळ मोटारबोटीइतकाच जुना आहे. मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, न्यूयॉर्क अशा सरोवरांच्या राज्यांत तो विशेष रुजला. तिथे घरापासून पाणी जवळ, घराभोवती मोकळी जागा मुबलक आणि वर्षातले चार-पाच महिने पाणी गोठलेले. कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची दुरुस्ती, रंगकाम उरकून घेतात; सरोवरांच्या या मुलखात हिवाळा हा तसाच डागडुजीचा हंगाम आहे. फरक इतकाच की कोकणातल्या होडीवर घर चालते, म्हणून ती सहसा पडून राहत नाही. अमेरिकेतली बोट बहुधा हौसेची असते. मालकाचा एक उन्हाळा कामात गेला, दुसरा आजारपणात गेला की बोट ताडपत्रीखाली राहते, ताडपत्री फाटते, पावसाचे पाणी आणि पालापाचोळा आत साचतो. काही वर्षांनी घर विकताना ती बोट पडेल त्या किमतीला दुसऱ्याच्या अंगणात जाते.

या कारागिरीच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात एक सूत्र दिसते. बोटी बांधण्याचे प्रत्येक नवे साहित्य देखभालीतून सुटका करण्याचे आश्वासन देत बाजारात आले. प्रत्यक्षात त्याने कुजण्याची आणि गंजण्याची जागा तेवढी बदलली, आणि बहुतेक वेळा ती अधिक आत, नजरेआड नेली. घरगुती दुरुस्तीचे तंत्रही त्या जागेचा माग काढत बदलत गेले.

इंजिन पाण्यावर येते

१९व्या शतकाच्या उत्तरार्धात खासगी यांत्रिक बोट म्हणजे वाफेवर चालणारी लाँच. अमेरिकी कायद्यानुसार वाफेचे यंत्र चालवायला परवानाधारक इंजिनियर ठेवावा लागे, त्यामुळे ती धनिकांपुरतीच राहिली. १८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गॅस इंजिन अँड पॉवर कंपनीने या अटीतून वाट काढली. तिच्या लाँचमध्ये पाण्याऐवजी नॅफ्था उकळून त्याच्या वाफेवर यंत्र चाले, आणि मालक स्वतःच ते चालवू शके. १८८६ मध्ये जर्मनीत गोटलीब डाइमलर यांनी नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची बोट चालवून पाहिली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणाऱ्या पन्नासहून अधिक लाँचनी प्रेक्षकांना जलमार्गांवरून फिरवले. या तिन्ही मार्गांपैकी पेट्रोल इंजिन टिकले, कारण ते हलके होते आणि त्याचे इंधन सहज मिळू लागले होते.

सामान्य माणसाच्या आवाक्यात बोट आणली ती आउटबोर्ड मोटारीने. कॅमेरॉन वॉटरमन यांनी ती आधी बाजारात आणली होती. पण तिचा खरा प्रसार मिलवॉकीतील नॉर्वेजियन वंशाचे यंत्रकार ओले एव्हिनरुड यांच्या १९०९ च्या मोटारीने झाला. दीड अश्वशक्तीची ही मोटार ६२ पौंडांची, म्हणजे सुमारे २८ किलोंची होती आणि साध्या वल्ह्याच्या होडीच्या पाठीमागे पकडीने अडकवता येई. १९२० च्या दशकाच्या आरंभी जॉन्सन बंधूंनी इंडियानातून सुमारे १६ किलोंची, २ अश्वशक्तीची मोटार आणली.

दुरुस्तीच्या दृष्टीने आउटबोर्डचे महत्त्व वेगळे होते. तिच्यामुळे इंजिन आणि बोट या दोन सुट्या वस्तू झाल्या. मोटार हिवाळ्यात काढून घरातल्या कामाच्या टेबलावर आणता येई. जुन्या बाजारात मोटारीविना बोट आणि बोटीविना मोटार स्वतंत्रपणे मिळू लागली, आणि दोन मोडक्या वस्तूंमधून एक चालती बोट उभी करण्याची शक्यता निर्माण झाली.

त्याच काळात हौशी बांधणाऱ्यांसाठी साहित्यही तयार होत होते. मिशिगनमधील बे सिटी येथील ब्रूक्स कंपनी बोटीच्या भागांचे पूर्ण आकाराचे कागदी नमुने टपालाने पाठवत असे. गिऱ्हाईक ते फळीवर ठेवून आखणी करी आणि करवतीने कापी. ‘द रडर’, ‘मोटर बोटिंग’, ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ ही नियतकालिके आराखडे आणि कृती छापत. ज्याने असा नमुना पाहून एकदा बोट बांधली, त्याला दुसऱ्याची बोट उघडून आतली कुजलेली बरगडी बदलणे अवघड नव्हते. घरगुती पुनर्बांधणीची पहिली पिढी अशा हौशी सुतारांची होती.

महोगनीचे युग

पहिल्या महायुद्धानंतर वेगाच्या बोटींचा जमाना आला. मिशिगनमधील अल्गोनॅक या नदीकाठच्या गावात ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ लहानपणापासून बदकांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या होड्या बांधत. पुढे त्यांनी शर्यतीच्या बोटी बांधल्या. त्यांचे भागीदार गार वुड यांनी ट्रकचा माल ओतणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेच्या शोधातून मिळवलेला पैसा शर्यतींत ओतला. १९३२ मध्ये त्यांच्या ‘मिस अमेरिका १०’ या बोटीने ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. युद्ध संपल्यावर सरकारने विकायला काढलेली विमानांची इंजिने या बोटींना स्वस्तात मिळाली. म्हणजे या उद्योगाच्या पायाशीच जुन्या वस्तूचे नव्या कामासाठी रूपांतर होते.

१९२२ मध्ये स्मिथ आणि त्यांच्या मुलांनी स्वतंत्र कंपनी काढली. तिच्या बोटींचे नाव ख्रिस-क्राफ्ट, आणि १९३० मध्ये कंपनीचेही तेच नाव झाले. ठरावीक मापाच्या, चकचकीत वॉर्निश केलेल्या महोगनी रनअबाउट बोटी तिने मोठ्या संख्येने बनवल्या. हॅकर-क्राफ्ट आणि गार वुड यांच्या बोटीही याच घडणीच्या होत्या. आज ‘क्लासिक’ म्हणून ज्या बोटींचे पुनरुज्जीवन होते, त्यांतल्या बऱ्याचशा या घराण्यातल्या आहेत.

या बोटींची रचना कळल्याशिवाय त्यांचा बिघाड कळत नाही. सांगाडा ओकचा, त्यावर महोगनीच्या फळ्या, आणि वेगाचा मारा सोसण्यासाठी तळ दुहेरी. आतला पातळ थर तिरका बसवलेला, बाहेरचा थर लांबीच्या दिशेने, आणि दोहोंच्या मध्ये शिशाच्या पांढऱ्यात किंवा तत्सम लुकणात भिजवलेले कॅनव्हास. फळ्या पितळी स्क्रूंनी बसवत आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर महोगनीची गोल खुंटी ठोकून ती सपाट करत. अशी बोट हंगामाच्या सुरुवातीला पाण्यात सोडली की फळ्या पाणी पिऊन फुगत आणि सांधे आपोआप घट्ट होत. पहिले एक-दोन दिवस ती गळणारच, हे मालकाने गृहीत धरलेले असे.

अशा बोटीचा खरा शत्रू वरून येतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. लाकूड पूर्ण पाण्याखाली राहिले तर हवेअभावी वाढत नाही. खारे पाणीही तिला मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी, कोंदट हवा आणि तळाच्या खोलगट भागात कुजणारी पाने मात्र तिला हवी तशी मिळतात. म्हणून वर्षभर पाण्यात असणाऱ्या बोटीपेक्षा झाडाखाली फाटक्या ताडपत्रीत ठेवलेली बोट लवकर जाते. तळाच्या दोन थरांमधले कॅनव्हास दशकांनंतर चुरगळते आणि ओलावा धरून ठेवते. पितळी स्क्रूंतले जस्त झडून जाते आणि ते ठिसूळ होतात. बाहेरून वॉर्निश चमकत असते, आणि आत बरगडीला स्क्रूची पकड उरलेली नसते.

घरी काम करणाऱ्याची पद्धत यातूनच ठरत गेली. बोटीला आधी नीट टेकू द्यायचे, कारण चुकीच्या ट्रेलरवर वर्षानुवर्षे राहिलेल्या बोटीचा तळ बाक घेतो आणि मग ती सरळ पळत नाही. मग बोट उलटी करून खुंट्या फोडायच्या, स्क्रू काढायचे, फळी न मोडता सोडवायची. जुनी फळी कितीही कुजली असली तरी टाकायची नाही, कारण नव्या फळीसाठी तीच साचा असते. बरगड्याही सर्व एकदम काढायच्या नाहीत; एक बदलून मग दुसरीला हात घालायचा, म्हणजे बोटीचा आकार हलत नाही. पितळेऐवजी सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू वापरायचे. शेवटी रंग भरून वॉर्निशचे थरावर थर द्यायचे आणि दोन थरांमध्ये पॉलिश पेपर मारायचा. यातले एकही काम एकट्या माणसाला अशक्य नाही. सगळी मिळून मात्र त्याचे दोन-तीन हिवाळे घेतात.

प्लायवूड आणि जुळणीचे संच

१९३० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या फिनॉलिक सरसाने चिकटवलेले जलरोधक प्लायवूड तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात त्याची कसोटी लागली. न्यू ऑर्लिन्सच्या अँड्र्यू हिगिन्स यांनी आखलेल्या प्लायवुडी लँडिंग क्राफ्ट हजारोंनी बांधल्या गेल्या आणि ख्रिस-क्राफ्टचे कारखानेही त्याच कामाला जुंपले गेले. युद्ध संपल्यावर महोगनीचा तुटवडा होता, म्हणून काही बोटी देवदाराच्या फळ्यांनी बांधून पांढऱ्या रंगवल्या गेल्या. पुढच्या पिढीने त्यांतल्या काही खरवडून वॉर्निश केल्या आणि कारखान्यातून कधीच न निघालेले रूप त्यांना दिले.

१९५० मध्ये ख्रिस-क्राफ्टने जुळणीच्या बोटींचा विभाग उघडला. कापून तयार केलेले प्लायवूडचे भाग, स्क्रू आणि सूचना घरपोच येत; ८ फुटांच्या लहान होडीपासून ३१ फुटांच्या क्रूझरपर्यंत संच मिळत. युद्धावरून परतलेले सैनिक, उपनगरांतली गॅरेज असलेली घरे आणि विजेवर चालणारी नवी हत्यारे यांच्या संगमावर हा व्यवसाय फोफावला. फळ्यांची बोट सांध्यांतून गळे. प्लायवूडची अखंड पाटी गळणार नाही, असे सांगितले जाई. ती सांध्यातून गळली नाही हे खरे. पण प्लायवूड कडेने पाणी पिते, आणि जिथे कापलेली कड उघडी राहिली तिथून थर सुटू लागले. घरच्या जुळणीत कडा बंद करायचे कंटाळवाणे काम बहुधा राहूनच जाई. या बोटींपैकी फार थोड्या आज शिल्लक आहेत.

काच आणि रेझिन

१९३२ मध्ये डेल क्लाइस्ट हे संशोधक काचेचे ठोकळे जोडण्याचा प्रयोग करत असता दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि तिचे बारीक तंतू उडाले. त्यातून स्वस्त काचतंतूंचे उत्पादन सुरू झाले आणि १९३८ मध्ये ओहायोतील टोलीडो येथे ओवेन्स-कॉर्निंग कंपनी स्थापन झाली. पॉलिएस्टर रेझिनही याच दशकात तयार झाले. त्याच टोलीडो शहरात रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास काचतंतू आणि पॉलिएस्टर यांची छोटी होडी बनवली. युद्धानंतर कॅलिफोर्नियात आणि इतरत्र छोटे कारखाने निघाले. साच्यात आधी गुळगुळीत जेलकोट, त्यावर काचेची चटई आणि विणलेले कापड रेझिनमध्ये भिजवून थर द्यायचे. सुकले की आख्खी बोट साच्यातून निघते. कुशल सुतारांची गरज उरली नाही.

फायबरग्लासची बोट कुजत नाही, फुगवावी लागत नाही, दरवर्षी रंगवावी लागत नाही, असा प्रचार झाला. बोस्टन व्हेलर कंपनीचे डिक फिशर यांनी तर १९६१ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या छायाचित्रकारासमोर आपली बोट पाण्यात असतानाच मधोमध करवतीने कापून दाखवली. दोन कवचांमध्ये फोम भरलेला असल्याने अर्धी बोटही तरंगत राहिली. ख्रिस-क्राफ्टने १९६४ मध्ये ‘कमांडर’ ही पूर्ण फायबरग्लासची क्रूझर आणली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडी बोटी बांधणे थांबवले.

पण ‘फायबरग्लासची बोट’ आतून बहुधा लाकडीच होती. मोटारीचा भार घेणारी पाठीमागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, सुमारे दीड इंच जाडीच्या प्लायवूडची आणि वरून काचेच्या कापडाने मढवलेली असे. तळाला लांबीच्या दिशेने ताठपणा देणारे वासे लाकडाचे, पायाखालची फरशी प्लायवूडची. काचेचा थर शाबूत असेपर्यंत आतले लाकूड कोरडे राही. मोटारीचे बोल्ट, पाणी सोडण्याची भोके, पट्ट्यांचे स्क्रू यांसाठी पाडलेली छिद्रे नीट बंद केली नाहीत की पाणी आत शिरे, आणि काचेच्या आवरणात अडकलेले ते पाणी सुकायला वाट उरत नसे. बाहेरून बोट ठणठणीत दिसे. आत प्लायवूडचा काळा लगदा झालेला असे.

म्हणून १९८० नंतर घरगुती पुनर्बांधणीचे सर्वांत मोठे काम ट्रान्सम आणि वासे बदलणे हे झाले. परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जायचे; टणक आवाज आला तर लाकूड चांगले, भद्द आवाज आला तर आत कुज आहे. खात्री करायला बारीक छिद्र पाडून भुसा पाहतात. पांढरा, कोरडा निघाला तर ठीक. तपकिरी, ओला निघाला तर आतले कवच कापून काढावे लागते. लगदा खरवडल्यावर नवे प्लायवूड रेझिनने संपृक्त करून आतून चिकटवतात, कडांना लुकणाची गोलाई देतात आणि त्यावर काचेचे कापड चढवतात. वासे एका वेळी एकच काढतात, आणि तोपर्यंत बोट बाहेरून टेकू देऊन सरळ धरतात. आकार सुटला तर वर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. काच घासताना उडणारी धूळ त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देते, त्यामुळे अंगभर कपडे आणि श्वसनाचा मुखवटा ही या कामाची कायमची वर्दी झाली.

१९७० च्या दशकात आणखी एक दोष उघड झाला. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या फायबरग्लास बोटींच्या तळाला फोड येऊ लागले. पाणी जेलकोटमधून अतिशय सावकाश आत झिरपते, आतले विरघळणारे घटक त्यात उतरतात आणि तयार झालेला दाट द्रव आणखी पाणी ओढून घेतो. ऱ्होड आयलंड विद्यापीठाने तटरक्षक दलासाठी १९८० च्या दशकात या फोडांचा अभ्यास केला. उपाय म्हणून फोड उघडून धुणे, महिनोन्‌महिने सुकवणे, लांबी भरणे आणि इपॉक्सीचा थर देणे ही पद्धत रूढ झाली. ट्रेलरवर राहणाऱ्या छोट्या बोटींना हा त्रास क्वचितच होतो. त्यांचा घात पावसाच्या पाण्यानेच होतो.

इंजिनाची हेळसांड

मोटारीच्या बाजूने पाहिले तर या क्षेत्रातली एक मोठी कंपनी मुळात दुरुस्तीतूनच उभी राहिली. १९३९ मध्ये कार्ल कीखेफर यांनी विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग येथे बंद पडलेला एक कारखाना घेतला. तिथे नीट चालत नाहीत म्हणून ग्राहक कंपनीने परत केलेल्या आउटबोर्ड मोटारी पडून होत्या. कीखेफर यांनी त्या सुधारून पुन्हा विकल्या, आणि त्यातून पुढे मर्क्युरी हे नाव जन्माला आले.

१९५९ मध्ये व्होल्व्हो पेंटाने आणि १९६१ मध्ये कीखेफर यांच्या कंपनीने स्टर्नड्राइव्ह आणली. यात मोटारगाडीच्या जातीचे इंजिन बोटीच्या आत आणि पंख्याचा पाय ट्रान्समच्या बाहेर असतो. मध्ये पाणी अडवणारे रबरी भाते असतात. ते काही वर्षांनी चिरतात आणि बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडू शकते. जुनी स्टर्नड्राइव्ह बोट घेणारा म्हणून आधी हे भाते पाहतो.

उपेक्षित इंजिनाच्या मृत्यूची दोन कारणे मुख्य आहेत. पहिले, हिवाळ्यापूर्वी थंडाव्याचे पाणी न काढणे. पाणी गोठून फुगते आणि लोखंडी ब्लॉक तडकतो. ही तडक बऱ्याचदा तेल-पाणी एकत्र झाल्याशिवाय दिसतही नाही. दुसरे, खाऱ्या पाण्याने आतून खाल्लेले एग्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्यातून पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि इंजिन जाम होते. बाकी कार्बुरेटरमधला चिकट साका, वाळलेला पाण्याचा पंप, गंजलेल्या तारा ही कामे पाना आणि चिकाटी असलेल्या माणसाच्या हातची आहेत.

इथे घरगुती मेकॅनिक एका मोहात सापडतो. इंजिन गाडीसारखेच असल्याने गाडीचा स्वस्त स्टार्टर किंवा अल्टरनेटर त्याला बसतो. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खाली निघून जाते, बोटीच्या बंद तळात साचते. म्हणून बोटीच्या विद्युत भागांतून ठिणगी बाहेर येऊ नये अशी रचना असते. १९४० च्या मोटरबोट कायद्याने कार्बुरेटरवर ज्वालारोधक जाळी सक्तीची केली; तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा इंजिन सुरू करण्यापूर्वी चालवण्याची शिस्तही याच धोक्यातून आली.

इपॉक्सी आणि बे सिटी

१९६९ मध्ये बे सिटीतच मीड, जॅन आणि जोएल गुजिऑन या तीन भावांनी बोटी बांधायला सुरुवात केली. ते मूळचे बर्फावर धावणाऱ्या शिडांच्या नौका बनवणारे. त्यांनी लाकूड इपॉक्सीने चिकटवून सर्व बाजूंनी इपॉक्सीनेच मढवण्याचे तंत्र विकसित केले. जवळच मिडलंडला असलेल्या डाऊ केमिकल कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांची त्यांना मदत झाली. १९७० मध्ये त्यांनी ‘अडाजियो’ ही ३५ फुटांची तीन कण्यांची नौका स्क्रू-खिळ्यांवर न विसंबता, सर्वस्वी इपॉक्सीच्या जोडावर बांधली. पुढे हेच रेझिन ‘वेस्ट सिस्टम’ नावाने, मापाच्या पंपांसह, हौशी लोकांना विकले जाऊ लागले, आणि १९७९ मध्ये भावांनी आपले तंत्र पुस्तकरूपाने मांडले.

इपॉक्सीने घरच्या कारागिराचे हात बळकट केले. ते पॉलिएस्टरपेक्षा लाकडाला आणि जुन्या काचेला कितीतरी घट्ट धरते. मंद उबेतही ते जमते, पण माप चुकले तर कधीच नीट सुकत नाही. त्यात लाकडाची पूड किंवा सिलिका मिसळली की फटी भरणारे लुकण तयार होते, त्यामुळे सांधा अगदी तंतोतंत कापण्याचे कसब नसलेल्यालाही मजबूत जोड साधतो. पारंपरिक सुतारांना नेमके हेच खटकले. फुगण्या-आकसण्यासाठी मोकळी ठेवलेली फळ्यांची बोट इपॉक्सीने घट्ट मढवली आणि आत ओलावा राहिला, तर लाकूड आवरणाखाली कुजते. फायबरग्लासच्या ट्रान्सममध्ये जे झाले, तेच लाकडी बोटीत नव्याने घडू लागले.

अस्सलपणाचा प्रश्न

१९७० च्या दशकात लाकडी बोटींचे उत्पादन संपले आणि त्यांचे जतन सुरू झाले. १९७४ मध्ये जॉन विल्सन यांनी मेन राज्यातून ‘वुडनबोट’ नियतकालिक काढले. १९७५ मध्ये लेक जॉर्ज येथे अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी स्थापन झाली. न्यूयॉर्क राज्यातील क्लेटन येथे जुन्या बोटींचे प्रदर्शन १९६० च्या दशकापासून भरत होते, आणि त्यातून तिथले संग्रहालय वाढले. १९८१ च्या ‘ऑन गोल्डन पाँड’ या चित्रपटात हेन्री फोंडा यांच्या हाती दिसलेल्या ख्रिस-क्राफ्टमुळे या बोटींकडे नव्या पिढीचे लक्ष गेले.

सोसायटीने बोटींची कालानुसार वर्गवारी केली : १९१८ पर्यंतच्या ऐतिहासिक, १९१९ ते १९४२ च्या अँटिक, १९४३ ते १९७५ च्या क्लासिक. शिवाय ‘जतन केलेली’ आणि ‘पुनर्बांधणी केलेली’ असा भेद केला. वरच्या भागाचे आणि डेकचे किमान ६० टक्के मूळ साहित्य शिल्लक असेल तरच बोट पहिल्या गटात जाते. या नियमामुळे घरच्या कारागिराच्या निवडीला किंमत आली. सगळ्या फळ्या बदलणे सोपे असते, जुनी फळी वाचवणे कष्टाचे.

सर्वांत मोठा वाद तळाचा झाला. दोन थरांमधल्या कॅनव्हासऐवजी लवचीक पॉलियुरेथेन लुकण भरले तर तळ गळत नाही, फुगवावा लागत नाही आणि बोट ट्रेलरवरून थेट पाण्यात सोडता येते. शुद्धतावाद्यांनी आक्षेप घेतला; पण तळ पाण्याखाली असतो आणि सुरक्षिततेचा प्रश्न असतो, म्हणून असे तळ सर्वत्र रूढ झाले. दृश्य भागात मात्र मूळ रंगछटा, मूळ स्क्रूंची रांग, डॅशबोर्डवरचे मूळ मीटर यांचा आग्रह कायम राहिला.

हा आग्रह पुरवण्यासाठी पुरावा लागतो. ख्रिस-क्राफ्टच्या कागदपत्रांचा संग्रह व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये आहे. त्यात बोटींची कार्डे आहेत : क्रमांक, बसवलेले इंजिन, मागवलेल्या खास वस्तू, कारखान्यातून निघाल्याची तारीख, विक्रेत्याचे गाव. कुजक्या लाकडावर ठोकलेला क्रमांक वाचता आला की मालक त्या कार्डाची प्रत मागवतो आणि मग काम सुरू करतो.

कायदा, विष आणि इंधन

१९७१ च्या संघीय नौका सुरक्षा कायद्यानंतर, १ नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीवर १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जुन्या बोटीचे वर्ष आणि कारखाना ओळखणे त्यामुळे सोपे झाले. याच दशकात लहान बोटी पाणी भरले तरी तरंगत्या राहाव्यात असे नियम आले आणि कारखान्यांनी फरशीखालचे कप्पे फोमने भरले. या फोमने जीव वाचवले. मात्र दशकांनंतर तोच फोम पाणी शोषून जड होतो आणि शेजारचे वासे ओले ठेवतो. तो खणून काढणे हा पुनर्बांधणीतला सर्वांत किचकट भाग ठरला आहे.

जुना रंग खरवडणे धोक्याचे, कारण लाकडी बोटींच्या बुडाला आणि सांध्यांना शिशाचे रंग सर्रास लावले जात. १९७० च्या दशकात शेवाळ आणि शिंपले रोखण्यासाठी कथिलयुक्त रंग आले. १९८८ च्या कायद्याने लहान बोटींवर त्यांना बंदी घातली, पण जुन्या थरांत ते अजून सापडतात. २००६ च्या सुमारास पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणे वाढले, तेव्हा जुन्या बोटींतल्या फायबरग्लासच्या टाक्यांचे रेझिन त्यात विरघळू लागले आणि तो चिकटा इंजिनाच्या झडपांवर साचला. काही टिकाऊ इंजिनांना सुटे भाग मिळणेही कठीण झाले. एव्हिनरुड आणि जॉन्सन बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकांनी चालवलेले एव्हिनरुडचे उत्पादनही २०२० मध्ये बंद पडले.

वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या बोटी

साध्या बोटीच्या पुनर्बांधणीचा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा बहुधा जास्त होतो, श्रम धरलेच नाहीत तरी. फुकट मिळालेली बोट सर्वांत महाग पडते, अशी म्हण या वर्तुळात रूढ आहे. म्हणून कोणती बोट वाचते हे हिशेबाने ठरत नाही. महोगनीच्या रनअबाउट नावामुळे वाचतात. बर्ट्रम ३१ किंवा बोस्टन व्हेलरसारख्या फायबरग्लास बोटी त्यांच्या आकाराच्या गुणांमुळे. १९६० ते १९८० या काळातल्या निनावी बोटी लाखोंनी बनल्या, आणि त्यांच्यासाठी ना कार्डे आहेत ना संग्रहालये.

लाकडी बोट शेवटी मातीत जाई. फायबरग्लास कुजतही नाही आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही, त्यामुळे टाकून दिलेल्या बोटींचा प्रश्न सरकारांपुढे उभा राहिला. नॉर्वेने २०१७ पासून जुनी छोटी बोट जमा करणाऱ्यास रोख रक्कम देणे सुरू केले. फ्रान्सने २०१९ पासून उत्पादकांच्या वर्गणीतून बोटी मोडण्याची व्यवस्था उभारली. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये कवचांचा चुरा सिमेंटच्या भट्टीत वापरण्याचे प्रयोग झाले. या व्यवस्थांमुळे घरगुती पुनर्बांधणीला एक नवा अर्थ आला आहे. ज्या कवचाची विल्हेवाट लावता येत नाही, ते आणखी तीस वर्षे वापरात ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. त्यासाठी लागणारे प्लायवूड, इपॉक्सी आणि काचेचे कापड आज कुठल्याही बोट-सामानाच्या दुकानात मिळते. बाहेरून न दिसणारी कुज ओळखण्याचे ज्ञान मात्र अजूनही एका कारागिराकडून दुसऱ्याकडे, प्रत्यक्ष काम करतानाच जाते.